मॅकार्थींना स्पीकरपदावरून कोणी पाडलं, डेमोक्रॅट्सनी की घरच्यांनीच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ३ ऑक्टोबर २०२३ ला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने रिपब्लिकन पक्षाचे स्पीकर केविन मॅकार्थींना पदावरून दूर केलं. न्यू जर्सीतला तुमचा मेहुणा म्हणतो हे पाप डेमोक्रॅट्सचं, त्याचे ऑफिसातले मित्र म्हणतात आठ फुटीर रिपब्लिकनांचं. मग खरं कोणाचं?

आकडे दोघांच्याही बाजूने बोलतात, म्हणून तर हे भांडण मिटत नाही. ठराव २१६ विरुद्ध २१० ने मंजूर झाला. त्या २१६ मध्ये २०८ डेमोक्रॅट आणि ८ रिपब्लिकन. आठांपैकी चौघे जरी मागे फिरले असते तरी ठराव पडला असता. आणि त्या दिवशी सात डेमोक्रॅट नुसते घरी झोपून राहिले असते, तरीही पडला असता. आता बोला.

मी राज्यशास्त्राचा माणूस नव्हे. मालवण तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होतो, तेही विरोधी पॅनलचा. तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडला जायचा. आम्ही एकूण नऊ : त्यांचे पाच, आमचे चार. त्यांच्यातले दोघे फुटले, तहसीलदारांकडे नोटीस गेली आणि अविश्वास ठरावाची सभा लागली. दोन तृतीयांश म्हणजे सहा हात हवे होते. तहसीलदारांनी पेनाच्या टोकाने एकेक हात मोजला, सहावर येऊन थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. सहावा हात माझा. शर्टाची बाही खाली घसरली तेवढी आठवते, कारण सरपंचांची नजर तिच्यावर होती.

संध्याकाळी ते एसटी स्टँडजवळच्या टपरीवर भेटले. गाव त्यांना दादा म्हणायचं, मीही. चहा त्यांनीच सांगितला आणि म्हणाले, "तुमी चौघांनी हात वर केल्यात म्हणान गेलंय मी."

म्हटलं, "आणि तुमचे ते दोघे, दादानू?"

"ते घरचे रे. त्येंका मी मागसून बघतलंय."

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर या एका वाक्यात आहे. ते दोघे दादांच्या भावकीतले. एकाच्या मुलीचं लग्न वैशाखात, सोसायटीच्या निवडणुकीत त्यांचीच मतं लागणार, देवळाच्या वार्षिकाला शेजारी बसायचं. त्यांना तोंडावर शिव्या घालणं परवडणारं नव्हतं. आम्हाला घातल्या तर खर्च शून्य.

वॉशिंग्टनला वेगळं काय झालं? रिपब्लिकनांना नवा स्पीकर निवडायचा होता आणि बहुमत इतकं काठावरचं की ते आठ जण नकोत म्हणून चालणार नव्हतं. मग राग काढला कोणावर? हंगामी स्पीकर पॅट्रिक मॅकहेन्रींनी सुरुवातीलाच जी कामं केली त्यांतलं एक म्हणजे डेमोक्रॅट्सच्या माजी स्पीकर नॅन्सी पेलोसींना कॅपिटलमधली (संसद भवनातली) त्यांची खोली दुसऱ्या दिवसापर्यंत रिकामी करायला सांगणं. पेलोसी तर मतदानाला हजरही नव्हत्या. आणि २५ ऑक्टोबरला रिपब्लिकन माइक जॉन्सन २२० मतांनी नवे स्पीकर म्हणून निवडून आले तेव्हा त्या २२० मध्ये हे आठही होते. कोणी त्यांना पक्षाबाहेर काढलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मार्च २०१५ मध्ये विधान परिषदेचे सभापती, काँग्रेसचे शिवाजीराव देशमुख, यांच्याविरुद्ध ठराव आणला राष्ट्रवादीने आणि तो मंजूर झाला भाजपच्या साथीने. काँग्रेसवाले तुटून पडले ते राष्ट्रवादीवर. कारण आघाडी आधीच्या सप्टेंबरमध्येच मोडली होती, बिघडायचं काही शिल्लकच नव्हतं.

आता डेमोक्रॅट्सनी मॅकार्थींना वाचवायला हवं होतं का? इथे एक घोळ होतो. आपला विधानसभा अध्यक्ष निदान कागदावर तरी पंच असतो. तिथला स्पीकर बहुमतवाल्या पक्षाचा उघड पुढारी असतो. जानेवारी २०२३ मध्ये मॅकार्थी पंधराव्या फेरीत निवडून आले, आणि पंधराही फेऱ्यांत डेमोक्रॅट्सनी मतं दिली ती स्वतःच्या हकीम जेफ्रीजना. तेव्हा कोणी तक्रार केली नव्हती. अडून बसलेल्या स्वपक्षीयांशी सौदा पटवताना मॅकार्थींनीच कबूल केलं की एकटा सदस्यसुद्धा हकालपट्टीचा ठराव आणू शकेल. आमच्या नऊ जणांच्या पंचायतीत नोटिशीला तीन सह्या लागायच्या हो! मॅकार्थींविरुद्ध ठराव आणणाऱ्या फ्लोरिडाच्या रिपब्लिकन मॅट गेट्झना एकाही सोबत्याची गरज पडली नाही.

३० सप्टेंबरला सरकार बंद पडू नये म्हणून ४५ दिवसांचं खर्चाचं विधेयक आलं. ते ३३५ विरुद्ध ९१ ने तरलं, आणि त्यात मॅकार्थींचे स्वतःचे १२६ तर डेमोक्रॅट २०९. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, टीव्हीवर मॅकार्थींनी या पेचाचं खापर डेमोक्रॅट्सवर फोडलं. मंगळवारी सकाळी डेमोक्रॅट्सच्या बैठकीत तीच फीत लावली गेली. त्याच सकाळी मॅकार्थी सांगत होते की मी त्यांना काही देणार नाही. दादांचंही तेच. सभेच्या आदल्या रात्री व्हाळापलीकडे आमच्या वाडीत येऊन नुसतं "बघा रे" म्हणाले असते, तर आमच्यातला एक तरी वितळला असता. कदाचित मीच.

पण आमच्या बाजूची लबाडीही सांगतो. आम्ही नंतर वर्षभर सांगत फिरलो की भांडण त्यांच्या घरातलं, आम्ही फक्त हात वर केला. फक्त! सहातले चार हात आमचे होते. डेमोक्रॅट्सही हेच म्हणाले की रिपब्लिकनांचं रिपब्लिकनांनी निस्तरावं. वाचवण्याची जबाबदारी त्यांची नव्हती हे मान्य, पण पाडण्यात हात नव्हता म्हणू नये. तीन आठवडे सभागृह ठप्प झालं आणि त्यांच्या वाट्याला आले ते मॅकार्थींपेक्षा कडवे जॉन्सन. आमचा नवा सरपंच त्या दोन फुटीरांतलाच झाला, आणि आमच्या वाडीची पाखाडी (पायऱ्यांची वाट) त्याच्या काळात एक हातही पुढे सरकली नाही.

विरोधक वाचवतातही, पण मग हिशेब आधी झालेला असतो. मे २०२४ मध्ये रिपब्लिकनांच्याच मार्जरी टेलर ग्रीन यांनी जॉन्सनविरुद्ध तसाच ठराव आणला तेव्हा तो ३५९ विरुद्ध ४३ ने बाजूला सारला गेला, त्यात १६३ मतं डेमोक्रॅट्सची. डेमोक्रॅट्सना हवं असलेलं युक्रेनच्या मदतीचं विधेयक जॉन्सननी आधीच्याच महिन्यात मतदानाला घेतलं होतं.

राहिलं ते दादांचं "मागसून", म्हणजे मागाहून बघून घेणं. आठांपैकी व्हर्जिनियाचे बॉब गुड जून २०२४ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत थोडक्यात पडले. मॅकार्थींच्या माणसांनी त्यांच्याविरुद्ध पैसा ओतला होता, ट्रम्पही विरोधात होते. आमच्याकडे पुढच्या निवडणुकीला दादांनी त्या दोघांना पॅनलमध्ये घेतलंच नाही. त्यातला एक रात्री आमच्याकडे आला, पडवीत बसला, पाणी प्याला. आम्ही त्याला घेतला. त्याच्या घराण्याची चाळीस मतं होती.