माध्यमिक शाळांच्या संगीत शिक्षकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण कसं आखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गातल्या एका तालुक्यात आठवी ते दहावीला संगीत शिकवणाऱ्या २४ शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे, तर तज्ज्ञ म्हणून कोणाला बोलवावं आणि विषय कोणते ठेवावेत.

तज्ज्ञांची नावं नंतर ठरवा. या तीन दिवसांत प्रत्येक शिक्षक उभा राहून किती मिनिटं शिकवणार आहे, हे आधी कागदावर लिहा. हा आकडा शून्य असेल तर प्रशिक्षणाची मैफल होते. पाहुणे सुंदर गातात, सगळे दाद देतात, प्रमाणपत्रं घेऊन घरी जातात आणि सोमवारी नववीच्या वर्गात मागचं पुढे चालू राहतं. आपल्याकडच्या शिक्षकांना गाता येत नाही अशातला भाग नाही. कोणी विशारद (संगीताची पदवीच्या तोडीची परीक्षा दिलेलं) असतं, कोणी गावच्या भजनात पेटीवर बसतं, कोणी मुळात चित्रकलेचे किंवा मराठीचे शिक्षक असतात आणि आवाज बरा म्हणून संगीत त्यांच्याकडे आलेलं असतं. तिघांचीही अडचण एकच: ३५ मिनिटांचा तास, ५० मुलं आणि एक पेटी. प्रशिक्षण या अडचणीवर बेतायला हवं.

२४ जणांचे सहा-सहाचे चार गट करा. प्रत्येक गटात हे तिन्ही प्रकारचे शिक्षक मिसळा. नुसत्या विशारदांचा गट केला तर चर्चा रागाच्या बारकाव्यांत अडकते आणि वर्ग बाजूलाच राहतो. गटात प्रत्येकाने ८ मिनिटं शिकवायचं, बाकीच्या पाच जणांनी आठवीची मुलं व्हायचं, मग ५ मिनिटं चर्चा. सहा जणांचे ७८ मिनिटं होतात, म्हणजे उठबस धरून दीड तास. हे दुसऱ्या दिवशी करा आणि तिसऱ्या दिवशी त्याच शिक्षकाने तोच भाग सुधारून पुन्हा शिकवायचा. ही दुसरी फेरी वेळ कमी पडला म्हणून पहिल्यांदा कापली जाते, आणि खरा बदल तिच्यातच दिसतो. चर्चेत 'छान झालं' म्हणायला बंदी ठेवा. पाहणाऱ्यांनी तीनच गोष्टी टिपायच्या: शिक्षक किती वेळ बोलले, मुलं किती वेळ गायली, आणि चूक झाली तेव्हा शिक्षकांनी नेमकं काय केलं.

चार गटांसाठी चार खोल्या लागतील, आणि त्या लागून असून चालणार नाहीत. मध्ये एक वर्ग रिकामा सोडा, नाहीतर शेजारच्या पेटीचा सूर कानात शिरतो आणि कोणालाच स्वतःचा सा सापडत नाही. प्रत्येक खोलीत एक पेटी, तबल्याची एक जोडी आणि टाळांच्या दोन-तीन जोड्या पुरतात. तंबोरा फोनवरच्या ॲपचा चालेल, पण लहान स्पीकर चार्ज करून ठेवा. प्रोजेक्टरवर कार्यक्रम उभा करू नका. पावसात वीज जाते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता विषय. पहिला विषय पट्टी, म्हणजे गाताना कोणता सूर सा धरायचा. आठवी-नववीत मुलांचे आवाज फुटतात आणि साधारण एक सप्तक खाली उतरतात. मुलींच्याही आवाजात थोडा बदल होतो, पण तो पटकन लक्षात येत नाही. शिक्षक मात्र स्वतःच्या पट्टीत पेटी धरतात. पुरुष शिक्षक काळी एकला (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या सुराला) सा धरतात, मग मुलींना सगळं एक तर फार खाली जातं किंवा फार वर, आणि आवाज फुटत असलेली मुलं गप्प बसतात. ती 'बेसूर' म्हणून मागच्या बाकावर जातात आणि पुढे कधीच गात नाहीत. याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण हा दोष त्यांचा नसतो, पट्टीचा असतो.

मिश्र वर्गासाठी काळी चार धरून बघा. मुली आणि आवाज न फुटलेली मुलं बायकांच्या सप्तकात गातात, आवाज पूर्ण उतरलेली मुलं एक सप्तक खाली गातात, आणि मधल्या अवस्थेतली मुलं जिथे जमेल तिथे. गाणं निवडताना सा ते ध एवढ्यात बसणारं घ्या, तार षड्जापर्यंत (वरच्या सा पर्यंत) जाणारं वर्षाच्या उत्तरार्धात. प्रशिक्षणात प्रत्येक गटाने एकच गाणं काळी एक, काळी चार आणि पांढरी एक अशा तीन पट्ट्यांत म्हणून बघावं. कुठे कोणाचा गळा आवळतो ते त्यांना स्वतःच्या अंगावर कळलं पाहिजे.

इथे तबल्याचा प्रश्न येतो. शाळेत तबला बहुधा काळी एकचा असतो, आणि मग 'तबला लागत नाही म्हणून पट्टी बदलता येत नाही' असं उत्तर मिळतं. काळी चारच्या सा ला काळी एक हा मध्यम (म) आहे. तबला मध्यमात लागलेला चालतो. नवा तबला विकत घ्यायची गरज नाही.

राष्ट्रगीतावर अर्धा तास जरूर ठेवा. ते रोज म्हटलं जातं आणि रोज चुकतं. चाल मंद्र निषादापासून (खालच्या नी पासून) तार षड्जापर्यंत जाते, म्हणजे सप्तकाहून थोडी जास्तच. परिपाठाला सूर न देता 'सावधान' म्हणून सुरुवात झाली की ज्याने आधी तोंड उघडलं त्याची पट्टी सगळ्यांची होते, आणि शेवटच्या 'जय हे'ला अर्धी शाळा किंचाळते. उपाय सोपा आहे. ध्वनिक्षेपकासमोर पेटी नाहीतर फोनवरचा तंबोरा काळी चारला चार सेकंद वाजवा, दोन मुलींना तो सा गुणगुणायला लावा आणि मग सुरू करा. पूर्ण राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. घड्याळ लावून बघा. चाळीसच्या आसपास संपत असेल तर लय पळते आहे.

दुसरा विषय गाणं शिकवण्याची पद्धत, आणि वेळ सर्वांत जास्त इथे द्या. बहुतेक तासांत शिक्षक मुलांबरोबर गातात आणि पेटीही शब्दन् शब्द वाजवतात. दोन्हींमुळे मुलं काय गातात ते शिक्षकांना ऐकूच येत नाही. क्रम असा ठेवा. आधी शिक्षकांनी पूर्ण गाणं एकदा म्हणायचं, मुलांनी फक्त मात्रा मोजायच्या. मग एका आवर्तनाएवढा (तालाच्या एका फेरीएवढा) तुकडा म्हणायचा, हाताने खूण करायची आणि गप्प व्हायचं. मुलं म्हणतात तेव्हा शिक्षकांचे ओठसुद्धा हलता कामा नयेत. चूक ऐकू आली तर पूर्ण ओळ पुन्हा घोकून घेऊ नका. चूक बहुधा दोन स्वरांमध्ये असते, समजा ग वरून प वर उडी मारताना मुलं म वर थांबतात. तेवढे दोन स्वर नुसत्या 'आ'मध्ये तीन-चार वेळा घ्या, मग शब्द लावा, मग ओळ जोडा. अख्खी ओळ दहा वेळा म्हणून घेतली तर चूकच दहा वेळा पक्की होते.

पेटी फक्त सा द्यायला आणि तुकडा संपल्यावर पडताळून पाहायला वापरा. पेटीचा शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, सुमारे १४ सेंट, म्हणजे एका अर्धस्वराचा सातवा हिस्सा. सतत पेटी धरून गाणारी मुलं तोच गंधार लावतात आणि तंबोऱ्यावर बसली की अवघडतात. माध्यमिक वर्गात यावर व्याख्यान नको, पण शिक्षकांच्या कानाला तो फरक एकदा तरी ऐकवा.

तालासाठी तबलजी मिळाला नाही म्हणून अडू नका. केरवा, दादरा आणि भजनी ठेका एवढ्यावर वर्षाचं काम होतं. त्रिताल नववीला, रूपक दहावीला. अर्धा वर्ग टाळीने मात्रा धरतो, अर्धा बोल म्हणतो, मग अदलाबदल. तिसऱ्या पायरीला एक आवर्तन सगळ्यांनी मनात मोजायचं आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकदम टाळी. ही टाळी विखुरली तर लय मनात बसलेली नाही, पुढे जाऊ नका. मुलं हटकून पळतात, म्हणून सुरुवात मिनिटाला ८० मात्रांनी करा आणि फोनवरचा मेट्रोनोम शिक्षकांच्या कानाशी असू द्या, वर्गाला ऐकवू नका. ऐकवला की मुलं त्याच्यावर रेलतात.

स्वरलेखनाला (गाण्याचे स्वर कागदावर लिहिण्याला) एक तास पुरे, पण तो टाळू नका. आपल्याकडे भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही पद्धतींची पुस्तकं फिरतात आणि शिक्षक एकमेकांची टिपणं वापरतात. स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर भातखंडे पद्धतीत तो तार सप्तकातला, पलुस्कर पद्धतीत मंद्रातला. सम एकीकडे × आहे, दुसरीकडे १. तालातली 'खाली' (टाळी न देता हात सोडायची मात्रा) एकीकडे ०, दुसरीकडे +. तालुक्याने एकच पद्धत ठरवावी आणि प्रत्येक टिपणाच्या वर पद्धतीचं नाव लिहावं.

वाद्यांच्या निगेचं सत्र आपल्या किनाऱ्यावर ऐच्छिक ठेवता येत नाही. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यात पेटीच्या पितळी रीडवर (सूर देणाऱ्या पात्यांवर) हिरवट थर येतो, लाकूड फुगून बोटाने दाबायच्या पट्ट्या अडकतात, भात्याचं चामडं आणि कागद सुटतात. शिक्षकांना तीन गोष्टी हाताने करायला लावा. एक, भाता तपासणं: सगळे स्टॉप (हवा सोडणारे खटके) बंद करा, भाता भरून सोडा आणि कुठलीही पट्टी न दाबता बघा. तो झटकन बसला तर गळती आहे, कान लावून कडेकडेने फिरलात की फुसफुस ऐकू येते. दोन, पट्टी सोडली तरी वाजत राहणारा सूर: बहुतेक वेळा पट्टीखालच्या झडपेत कचरा असतो किंवा स्प्रिंग ढिली झालेली असते, वरची फळी काढून मऊ ब्रशने झाडून घ्या. तीन, मुका झालेला सूर: रीडच्या फटीत धागा किंवा धूळ बसलेली असते, ती पातळ कागदाची पट्टी सरकवून निघते. रीडला तेल लावायचं नाही आणि खरवडायचं तर मुळीच नाही. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, ते कारागिराचं काम आहे. फुगलेली पट्टीही लगेच घासू नका. उन्हाळ्यात लाकूड आटलं की ती खडखडते.

पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवा. पेटीत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुरचुंड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी १५ मिनिटं सगळ्या पट्ट्या वाजवा. बंद कपाटात जूनला ठेवलेली पेटी गणपतीच्या सुट्टीनंतर बाहेर काढली तर ती वाजणार नाहीच. तबल्याचंही तसंच. दमट हवेत पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडते आणि सूर उतरतो, म्हणून शिक्षक तो चुलीजवळ नाहीतर उन्हात ठेवतात आणि शाईला तडे जातात. कोरड्या खोलीत कापडी गादीत ठेवा आणि गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या चामड्यावर) वरून हलके ठोके देऊन चढवा, समोरासमोरच्या घरांवर (कडेच्या सोळा भागांवर) आळीपाळीने. सोळाही घरांत सूर सारखा आला पाहिजे.

आता तज्ज्ञ. एक शास्त्रीय संगीताचे आणि एक तबल्याचे पुरेत, तेही शाळेत शिकवलेले हवेत. तिसरी जागा गावच्या कलाकाराला द्या. दशावताराचे पखवाजवादक, डबलबारीचे (दोन भजनी मंडळांच्या सामन्याचे) बुवा, उत्तरेकडे रत्नागिरीच्या बाजूला असाल तर नमन-जाखडी या लोककलांतले मृदंगवादक. पण त्यांना 'काहीतरी सादर करा' म्हणू नका. आधी भेटून सांगा की एकच ठेका हवा, तीन लयींत, आणि हाताचा प्रत्येक आघात सुटा करून. दीड तासात २४ जणांनी तो बोलून आणि मांडीवर वाजवून दाखवला पाहिजे. दशावताराच्या जत्रा कार्तिकापासून लागतात आणि कलाकार रात्रभर जागे असतात, त्यामुळे त्यांचं सत्र दुपारनंतर ठेवा. मानधन शास्त्रीय तज्ज्ञांएवढंच द्या, आणि त्याच दिवशी.

तारखा दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्या. जूनमध्ये शिक्षकांना वर्गाची ओळख नसते आणि पाऊस असतो, भाद्रपदात गणपती, फेब्रुवारीपासून दहावीची गडबड आणि मग शिमगा. वेळ सकाळी १० ते दुपारी ४. वाडीवस्तीवर जाणारी शेवटची एसटी चुकली तर दुसऱ्या दिवशी निम्मे लोक येत नाहीत.

जेवण वगळून रोजचे साडेपाच तास धरले तर साडेसोळा तास होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. हे तास त्यात धरले जावेत म्हणून आधीच माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालयाशी आणि डाएटशी (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेशी) बोलून लेखी घ्या. नंतर मागितलं तर हजेरीपटावर सत्रांचे विषय नाहीत म्हणून अडतं.

तीन दिवसांनंतरचे सहा आठवडे तितकेच महत्त्वाचे. प्रत्येक शिक्षकाने दर पंधरा दिवसांनी वर्गाचं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण गटातल्या पाच जणांना पाठवायचं. गाणं बसल्यावरचं नको, शिकवत असतानाचं हवं. मुलांची नोंद ठेवायची असेल तर दर तासाला पाच मुलांना वीस-वीस सेकंद एकट्याने म्हणायला लावा आणि वहीत तीनपैकी एक खूण करा: सुरात आहे, आधार दिल्यावर सुरात येतं, अजून सूर सापडत नाही. ५० मुलांचा वर्ग दहा तासांत पूर्ण होतो. तिसऱ्या खुणेची मुलं आधी पट्टी बदलून तपासा, मगच वहीतली खूण कायम करा.