कॅल्शियम वाढलंय, पण ही गुंगी उतरू शकते

ताई, आईला जठराचा कॅन्सर, रिपोर्टमध्ये कॅल्शियम 11.8, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) 2.4, दोन दिवस ती नुसती झोपून आहे आणि तुम्ही विचारताय दूध बंद करू का. दुधाचं नंतर. आधी आजच्या आज तिच्या डॉक्टरांना फोन करा, ते भेटले नाहीत तर सरळ इमर्जन्सीत न्या.

रक्तातलं बरंचसं कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटून असतं. अल्ब्युमिन घसरलं की खरी वाढ रिपोर्टमध्ये झाकली जाते. 4 मधून अल्ब्युमिन वजा करून 0.8 ने गुणा आणि कॅल्शियममध्ये मिळवा. आईचं साधारण 13.1 होतं, नॉर्मल 10.5 च्या आसपास संपतं. आयोनाइज्ड, म्हणजे कशाला न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम तपासलं तर नेमकं कळेल.

बाबांच्या वेळी आम्ही चार दिवस घालवले. उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली रात्रीत दोनदा भरावी लागायची, लघवीला सारखं उठणं, पोट साफ नाही. मग एका सकाळी ते हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले, किती वाजले ते सांगता येईना. आम्ही समजलो, आजार वाढला. सलाईन आणि झोलेड्रोनिक ॲसिड (हाडांतून कॅल्शियम सुटणं रोखणारं इंजेक्शन) दिल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून चष्मा मागितला. ते चार दिवस मला अजून टोचतात, म्हणून एवढं लिहितेय.

जठराच्या कॅन्सरमध्ये कॅल्शियम क्वचित वाढतं. वाढतं तेव्हा बहुतेक वेळा आजार पुढे गेलेला असतो: एक तर गाठ पीटीएचसारखं (पीटीएच म्हणजे कॅल्शियम वाढवणारं, पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) द्रव्य सोडून हाडांतलं कॅल्शियम बाहेर काढते, नाही तर आजार हाडांत पोचलेला असतो. तरी पीटीएच तपासायला सांगाच. कॅन्सरमुळे असेल तर ते दबलेलं असतं. दबलेलं नसेल तर पॅराथायरॉइडचा वेगळा आजार असू शकतो. कॅल्शियमच्या, डी व्हिटॅमिनच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. थायाझाइड या बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीनेही कॅल्शियम चढतं.

दुधाने विशेष फरक पडत नाही, कारण कॅल्शियम हाडांतून येतंय. जेवत नसलेल्या माणसाचं दूध तोडू नका.

इंजेक्शनने गाठ कमी होत नाही, आणि कॅन्सर आटोक्यात आला नाही तर काही आठवड्यांत कॅल्शियम पुन्हा चढतं. बाबांचंही चढलं. म्हणून आई शुद्धीवर आली की पुढच्या उपचारांबद्दल तिला काय हवंय, ते तिलाच विचारून घ्या. आम्हाला ते बोलायला अकरा दिवस मिळाले.