व्हीसेंटरच डिस्ट्रिब्युटेड स्विचवर असेल आणि होस्ट गेला तर

प्रश्न थोडक्यात असा: व्हीएमवेअरचं चार होस्टचं (व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणाऱ्या सर्व्हरचं) क्लस्टर, सगळं नेटवर्क एकाच डिस्ट्रिब्युटेड स्विचवर (सगळ्या होस्टना सामायिक असलेल्या आभासी स्विचवर), हे सगळं सांभाळणारं व्हीसेंटरही त्यातलंच एक व्हीएम. एक होस्ट कायमचा गेला, व्हीसेंटरही बिघडलं. बॅकअपवरून नवीन अप्लायन्स (व्हीसेंटरचं तयार व्हीएम) उभं करायला गेलात तर इन्स्टॉलर पोर्ट ग्रुपच (स्विचवरचा, एकसारखी सेटिंग असलेल्या पोर्टचा गट) दाखवत नाही. शिवाय मेलेल्या होस्टचे पोर्ट अडकून बसलेत.

सगळ्यात आधी, उरलेले तीन होस्ट घाईघाईत रीबूट करू नका. स्विचचं कॉन्फिगरेशन व्हीसेंटरकडे असलं तरी पॅकेट हलवायचं काम प्रत्येक होस्ट आपल्याजवळच्या प्रतीवरून करतो. म्हणून चालू व्हीएमना व्हीसेंटर गेल्याचं कळतही नाही. एचएने (होस्ट गेल्यावर व्हीएम दुसऱ्या होस्टवर आपोआप सुरू करणारी सोय) दुसरीकडे उठवलेली व्हीएमसुद्धा नेटवर्कसकट येतात, कारण त्यांच्या पोर्टची माहिती त्यांच्याच डेटास्टोअरवर (व्हीएमच्या फाइल ठेवायच्या जागेवर), डीव्हीएसडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. (जागा मोकळी करायच्या नादात हा फोल्डर उडवणारे महाभाग आहेत, म्हणून सांगितलं.)

अडतं ते नव्या जोडणीपाशी. पोर्ट ग्रुप बाय डिफॉल्ट स्टॅटिक बाइंडिंगचा असतो आणि त्यातला पोर्ट वाटून देणारा असतो व्हीसेंटर. तोच नाही, तर देणार कोण? एफेमरल बाइंडिंगमध्ये होस्ट स्वतःच पोर्ट तयार करतो, त्यामुळे असा एखादा ग्रुप आधीपासून असेल तर तो इन्स्टॉलरमध्ये दिसेल आणि काम तिथेच संपेल.

नसेल, तर एका धडधाकट होस्टवर तात्पुरता स्टँडर्ड स्विच (त्या एकाच होस्टपुरता, व्हीसेंटरशिवाय चालणारा) करा. त्या होस्टला निदान दोन अपलिंक (बाहेरच्या नेटवर्कला जोडणारी खरी नेटवर्क कार्डं) हवेत आणि दोन्ही जिवंत असल्याची खात्री हवी. एसएसएचने आत जाऊन ईएसएक्ससीएफजी-व्हीस्विच ही कमांड स्मॉल एल लावून चालवा. कुठला व्हीएमनिक (होस्टचं नेटवर्क कार्ड) डिस्ट्रिब्युटेड स्विचच्या कुठल्या डीव्हीपोर्ट क्रमांकावर बसलाय ते दिसेल, तो क्रमांक लिहून ठेवा. मग कॅपिटल क्यूला व्हीएमनिकचं नाव, कॅपिटल व्हीला तो क्रमांक आणि शेवटी स्विचचं नाव दिलं की एक अपलिंक सुटतो. तो नव्या स्टँडर्ड स्विचला लावा, पोर्ट ग्रुपला व्हीसेंटरचा व्हीएलएएन आयडी (आभासी नेटवर्कचा क्रमांक) द्या आणि अप्लायन्स त्यावर रिस्टोर करा. एलएसीपी (अनेक लिंक बांधून एक चॅनल करणारा प्रोटोकॉल) वापरत असाल तर मात्र थांबा. स्टँडर्ड स्विचला एलएसीपी येत नाही. नेटवर्कवाल्यांकडून तो पोर्ट आधी चॅनलमधून बाहेर काढून घ्या, नाहीतर सगळं बरोबर दिसूनही पिंग लागणार नाही.

होस्टचा मॅनेजमेंट इंटरफेसच तुटला असेल तर एवढाही खटाटोप नको. कन्सोलवर डीसीयूआयमध्ये (होस्टच्या स्क्रीनवरच्या मेनूत) 'नेटवर्क रिस्टोर ऑप्शन्स'खाली 'रिस्टोर स्टँडर्ड स्विच' आहे.

व्हीसेंटर उठल्यावर क्रम चुकवू नका. आधी त्याचं नेटवर्क कार्ड डिस्ट्रिब्युटेड पोर्ट ग्रुपवर न्या, ते नीट चाललं की मगच काढलेला अपलिंक परत लावा. बॅकअप जुना असेल तर नंतर केलेले पोर्ट ग्रुप त्यात नसतील, होस्टही 'आउट ऑफ सिंक' दिसतील. इथे एक्सपोर्ट केलेली झिप फाइल कामी येते. स्विच व्हीसेंटरमध्ये असेल तर 'रिस्टोर' करा. व्हीसेंटर कोरं असेल तर 'इम्पोर्ट' करा, आणि मूळ आयडेंटिफायर जपण्याच्या पर्यायावर टिक करायला विसरू नका. ती राहिली तर नाव तेच असलं तरी होस्टच्या दृष्टीने तो परका स्विच, आणि एकेक होस्ट हाताने हलवत बसावं लागतं. प्रत्येक बदलानंतर एक्सपोर्ट घ्या आणि फाइल क्लस्टरबाहेर ठेवा.

याच बैठकीत मॅनेजमेंटच्या व्हीएलएएनवर एक एफेमरल पोर्ट ग्रुप करून टाका. रोजच्या व्हीएमसाठी तो वापरू नका, फक्त अडीअडचणीला असू द्या.

आता अडकलेले पोर्ट. 'रिसोर्स इन यूज' अशी एरर येते तेव्हा स्विचच्या पोर्ट्स टॅबवर जाऊन तो पोर्ट कोणाच्या नावावर आहे ते बघा. चालू व्हीएम एचएने हलवलेली असतात. उरतात ती टेम्प्लेट (नवीन व्हीएम बनवायचे साचे) आणि मेलेल्या होस्टचे व्हीएमकर्नल इंटरफेस (होस्टच्या स्वतःच्या कामाची नेटवर्क जोडणी). टेम्प्लेटकडे कुणाचंच लक्ष जात नाही. डिस्कनेक्टेड होस्ट इन्व्हेंटरीतून काढा, टेम्प्लेट दुसऱ्या होस्टवर पुन्हा रजिस्टर करा, त्याचं व्हीएम करून नेटवर्क बदला, मग परत टेम्प्लेट करा. नवा होस्ट जुन्याच नावाने आणलात तरी स्विचला तो नवखाच, अपलिंक आणि व्हीएमकर्नल पुन्हा जोडावे लागतील.