‘बाह्य’ या एका शब्दावर अडलेला क्लेम

प्रश्न : आमच्या मुलीला जन्मतःच माकडहाडापाशी गाठ होती. पाचव्या दिवशी ऑपरेशन झालं, 3 लाख 10 हजार खर्च आला. ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे. तरी ‘बाह्य जन्मजात विकृती’ म्हणून क्लेम नाकारला. सोनोग्राफीत गाठ न दिसल्याबद्दल त्या डॉक्टरवरही केस करावी का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : लेक घरी आली हे वाचून बरं वाटलं.

विमा नियामकाच्या व्याख्येत शरीराच्या दिसणाऱ्या, हात पोचणाऱ्या भागातली विकृती ती बाह्य; बाकीची आंतरिक. आंतरिक जन्मजात आजार पॉलिसीतून वगळायला 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली. म्हणजे भांडण एका शब्दाचं आहे.

तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डाच्या फोटोत ‘सॅक्रोकॉक्सिजियल टेराटोमा’ (माकडहाडापाशी होणारी जन्मजात गाठ) एवढंच वाचता येतं, पुढची ओळ घडीत गेलीय. नेमकी तीच हवी. ऑल्टमन वर्गीकरणात या गाठीचे 4 प्रकार आहेत : पहिल्यात ती बहुतेक बाहेर, दुसऱ्या-तिसऱ्यात कमी-जास्त ओटीपोटात शिरलेली, चौथ्यात पूर्ण आत. सर्जनकडून प्रकार लेखी घ्या. गाठ परत होऊ नये म्हणून माकडहाडही काढतात. त्याची नोंद ऑपरेशन नोट्समध्ये असेल, तीही जोडा. लेखी मागितल्यावर रुग्णालयाने 72 तासांत कागद द्यायचे असतात.

पहिला प्रकार निघाला तर बाजू लंगडी पडेल, हे आत्ताच सांगतो. तेव्हा एचआरकडून मूळ पॉलिसी मागवा, नुसतं विम्याचं कार्ड नको. जिवाला धोका असेल तर बाह्य विकृतीही कव्हर, अशी अट पुष्कळ ग्रुप पॉलिसींत असते.

डॉक्टरवर केस? माझं मत, नको. छोटी किंवा आतली गाठ सोनोग्राफीतून निसटू शकते, आणि आधी कळलं असतं तरी ऑपरेशन बहुधा जन्मानंतरच झालं असतं. शिवाय एकीकडे ‘गाठ सहज दिसण्यासारखी होती’ म्हणायचं आणि दुसरीकडे ‘ती आत होती’, हे विमा कंपनीचा वकील लगेच पकडेल.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत 1 वर्षाची. ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षं मिळतात, पण तो मार्ग लांबचा. गाठ परत येत नाही ना हे पाहायला पुढे होणाऱ्या एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन) रक्ततपासण्यांची बिलंही त्याच फाइलीत लावत जा.