प्रश्न तुमचे: मालिश, आखडलेली मान आणि डोक्यातलं टेन्शन

गेल्या अंकात कंबरदुखीवर लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक मालिशबद्दल. मालिशने टेन्शन जातं का, कुणाकडून करून घ्यावी, कुणी अजिबात करू नये, असंच सगळं. वेंगुर्ल्यापासून मुरूडपर्यंतची पत्रं आहेत, त्यातली काही घेतलीत, नावं मुद्दाम गाळलीत.

प्रश्न: तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. दिवाळीपासून मे संपेपर्यंत उसंत नाही. सकाळी आंबोळ्या, दुपारी माशाची ताटं, रात्री अकराला पण कुणीतरी टपकतं आणि जेवायला मागतं. खांदे दगडासारखे झालेत, मानेपासून डोकं ठणकतं, झोपेत दात खाते असं मुलगी म्हणते. एका पाहुण्या बाईंच्या आग्रहाने जवळच्या रिसॉर्टमध्ये मसाज करून घेतला, तिथेच घोरायला लागले म्हणे! पण चार दिवसांत परत तेच. नवरा म्हणतो पैसे पाण्यात गेले, सासूबाई म्हणतात तेल लाव नि गप पड. कुणाचं ऐकू?

उत्तर: सासूबाईंचं ऐका ताई, विशेषतः ते गप पडायचं. पैसे पाण्यात वगैरे काही गेले नाहीत. कुणी हाक मारत नाही, फोन वाजत नाही असा तास तुम्हाला सीझनमध्ये मिळतच नसणार, तो मिळाला आणि झोप लागली. दिवसभर आता कोण येतंय, काय मागतंय या तयारीत असलेलं अंग खांदे कानाकडे ओढून आणि जबडा आवळून बसतं, ते आपल्या लक्षातही येत नाही आणि मग तेच स्नायू तासन्‌तास सैल न पडल्यामुळे दुखायला लागतात. सावकाश चोळलं की नाडी मंदावते, श्वास लांबतो, अंगाला कळतं की आता पळापळ नाही. आपल्या कातडीत हळुवार स्पर्शासाठीचे वेगळे मज्जातंतू असतात आणि सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाने हात फिरला की ते सगळ्यात जास्त जागे होतात, त्यामुळे खसाखसा रगडून घेण्यात काही शहाणपण नाही. शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात असं काही स्पावाले सांगतात ते सोडून द्या, ते काम लिव्हर आणि किडनी बघतात.

आता चार दिवसांत परत का आलं? तर मसाजचा गुण थोड्या दिवसांचाच असतो. घाबरेपणा कमी होतो, मान-कंबरेला काही दिवस आराम पडतो, एवढं अभ्यासांत दिसलंय, महिनोन्‌महिने टिकेल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि त्या चार दिवसांत खांद्यांनी काम तेच केलं ना! विळीवर वाकून रोज नारळ खोवताय, फोन कान आणि खांद्यात धरून बांगड्याला मसाला चोळताय, मग दुसरं काय होणार. ओट्याला बसवायची खोवणी मिळते ती घ्या, उभ्याने खोवा. फोन स्पीकरवर टाका. आणि बुकिंग घेतानाच सांगून टाका की रात्री साडेनऊनंतर जेवण मिळणार नाही, एखादा रिव्ह्यू वाईट येईल, येऊ दे. माझ्या मते तुमच्या खांद्याचं औषध तेलापेक्षा या साडेनऊमध्ये जास्त आहे.

तरी तेल लावाच. खोबरेल किंवा तिळाचं, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं. खुर्चीत उलट्या बसा, खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून त्यावर कपाळ टेका. मुलीला सांगा, मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत तळव्याने सावकाश उतरायचं, अंगठा मणक्याच्या हाडावर नाही तर बाजूच्या मांसावर, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला हातच लावायचा नाही. दाबल्यावर "हां, तिथेच" असं तोंडातून निघालं पाहिजे, श्वास रोखून धरावा लागला तर दाब जास्त झालाय. दुखेल तेवढा गुण, हे खोटं आहे. दहा मिनिटं पुरेत. मग आडव्या पडून श्वास इतका सावकाश घ्या की मिनिटाला सहाएकच होतील, सोडताना जरा लांब. दात खाण्याचं मात्र डेंटिस्टना दाखवा, रात्री लावायचं गार्ड मिळतं. आणि एकदा नवऱ्यालाही बसवा त्या खुर्चीत, पैसे पाण्यात म्हणायचं बंद होईल.

प्रश्न: गणपतीला चिपळूणला आलो की सलूनमध्ये चंपी आणि शेवटी मान दोन्हीकडे कडकड मोडून घेतो, जाम हलकं वाटतं. बायको ओरडते. तिला समजवा.

उत्तर: वहिनी बरोबर ओरडतात. चंपी खुशाल करा, पण खुर्चीत बसल्याबसल्याच सांगा की मान मोडायची नाही. तो कडकड आवाज म्हणजे सांध्यातल्या पाण्यात होणारा गॅसचा बुडबुडा, गाठ वगैरे काही सुटत नाही. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतूनच वर जातात आणि झटका बसला तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे रक्त गोठतं आणि मग थेट स्ट्रोक. क्वचित होतं, पण तरुण माणसालाही होतं. मान मोडल्यानंतर चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, एका बाजूला मुंग्या असं काहीही वाटलं तर घरी जाऊन झोपू नका, हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: देवगडला हापूसची बाग आहे, वय ५४. मोहोर आला की थ्रिप्सची कीड, मग अवेळी पाऊस, फवारणीवर पैसा ओतून हाती काय लागेल त्याचा नेम नाही, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. रात्री दोनला जाग येते ती येतेच. हल्ली बागेचा चढ चढताना छातीत आणि डाव्या हातात जड होतं, थांबलं की जातं. शेजारी म्हणतात वात आहे, गरम तेलाने हात चोळून घ्या.

उत्तर: काका, तेलाची बाटली खाली ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे जा, फवारणी राहू दे. चढताना जड होणं आणि थांबल्यावर जाणं हे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं, त्याला हात चोळून काहीही होणार नाही, उलट दिवस वाया जातील. बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी येऊ नका, चढावर काय होतं ते डॉक्टरांना नीट सांगा. आणि बसलेलं असताना असं झालं, घाम फुटला, दम लागला तर स्वतः बाईक काढून निघायचं नाही, १०८ ला फोन.

हे सगळं तपासून झालं की मग टेन्शनचं बोलू. पाठीला तेल लावून घेतलंत तर रात्र जरा बरी जाईल, कर्ज आहे तिथेच राहील. ते डोक्यात घोळवत ठेवण्यापेक्षा वहीत उतरवा, कुणाचे किती, कधी द्यायचे, आणि ती वही घेऊन घरच्यांसोबत बसा. बऱ्याच बागायतदारांच्या घरी बायकोला कर्जाचा आकडाच माहीत नसतो, हे बरं नव्हे. झोपेसाठी दारू घेत असाल (लिहिलं नाहीत, पण विचारते) तर त्यानेच दोनला जाग येते. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न: मी दापोलीला माहेरी आहे, सिझेरियन होऊन दीड महिना झाला. मावशी रोज येऊन मला आणि बाळाला मालिश करतात, शेक, धुरी, डिंकाचे लाडू सगळं साग्रसंगीत चालू आहे. तरी तिन्हीसांजेला रडू येतं, बाळाकडे बघावंसंच वाटत नाही. आई म्हणते नजर लागली.

उत्तर: अगं, नजर नाही लागली आणि तू वाईट आईही नाहीस. पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं, पण दीड महिन्यानंतरही असं वाटत असेल तर ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं. त्यावर उपचार आहेत, अंगावर पाजत असताना चालणारी औषधंही आहेत, तेव्हा या आठवड्यातच तुझ्या डॉक्टरांना सांग, आईला सोबत ने म्हणजे तिलाही समजेल. जीव नकोसा वाटला किंवा बाळाला काही करावंसं मनात आलं तर सकाळची वाट बघू नकोस, तेव्हाच आईला उठव.

मावशींना येऊ देत. पाठ, हात, पाय चोळून मिळतात आणि तासभर बाळ दुसऱ्याच्या मांडीवर असतं हे काय थोडं आहे? फक्त टाक्यांवर आणि पोटावर डॉक्टर हो म्हणेपर्यंत जोर नको. धुरी बंदच कर, बाळाच्या फुप्फुसांना धूर नको आणि बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी तर जिवावर बेतू शकते. बाळाच्या नाका-कानात तेल घालायला पण ठाम नाही म्हण, मावशी रुसल्या तर रुसू देत.

प्रश्न: आई (वय ७०) मुंबईहून एसटीने गुहागरला आली, तेव्हापासून डावी पोटरी सुजून गरम लागते आणि दुखते. मालिशवाल्या बाईंना बोलावलंय, चालेल ना?

उत्तर: हे पत्र वाचल्यावाचल्या आम्ही फोन करून नको सांगितलं, इथे बाकीच्यांसाठी छापतोय. खूप वेळ पाय लटकवून बसल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली तर आत शिरेमध्ये रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्यावर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. चोळायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं, सोनोग्राफीत समजतं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. तसंच रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोरात रगडून घेऊ नका, आतून काळंनिळं होतं. ताप असताना मालिश नको. आणि डायबिटीसने पाय बधिर झालेत त्यांचं तेल किती गरम आहे ते दुसऱ्याने आधी स्वतःच्या मनगटावर बघावं.