मध्यस्थ काठावर उभा नसतो

प्रश्न असा आला आहे: "भाचीने विद्यापीठात निगोशिएशन, मीडिएशन आणि कॉन्फ्लिक्ट रेझोल्यूशन हा विषय घेतलाय. माहितीपत्रकाच्या मराठी अनुवादात 'तडजोड, तटस्थता व संघर्षनिर्मूलन' असं छापलंय. बरोबर आहे का?"

नाही. तिन्ही चुकलेत, आणि मधला शब्द वाचून तर मी चष्मा काढून ठेवला.

आधी किरकोळ दोन उरकतो. निर्मूलन रोगाचं करतात. भांडण मिटतं, सुटतं, फार तर त्याचं निराकरण होतं. आणि निगोशिएशन म्हणजे वाटाघाटी. तडजोड हा वाटाघाटींचा एक संभाव्य शेवट, तोही बरेचदा दुय्यम दर्जाचा. या विषयाच्या आद्य अभ्यासकांपैकी एक, मेरी पार्कर फॉलेट, यांनी १९२५ साली सांगितलेला किस्सा बघा. हार्वर्डच्या ग्रंथालयातली एक छोटी खोली. एकाला खिडकी उघडी हवी, बाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली, बाईंच्या अंगावर थेट येणारा उत्तरेचा वारा टळला. तडजोडच करायची तर खिडकी अर्धी उघडली असती आणि दोघंही कुढत बसले असते. अभ्यासक्रमात हा फरक शिकवणार आणि त्याच्या नावातच तडजोड!

आता मुद्द्यावर येतो. मीडिएशन म्हणजे मध्यस्थी. तिला 'तटस्थता' कोणी ठरवलं? बातम्यांत तर सर्रास 'तटस्थ मध्यस्थ' म्हणतात. अहो, तट म्हणजे काठ. तटस्थ तो, जो काठावर उभा राहून पाण्याकडे बघतो. मध्यस्थ मध्ये उभा. एकच माणूस एकाच वेळी काठावर आणि मधोमध कसा उभा राहील? निःपक्षपाती म्हणायचं असेल तर निःपक्षपाती म्हणा. शब्द जरा लांब आहे, पण कोरडा नाही.

हा फरक माझ्या डोक्यातून निघालेला नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या नवव्या श्लोकात सुहृद, मित्र, शत्रू वगैरे यादीत 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' असे दोन वेगळे शब्द शेजारी शेजारी आहेत. शंकराचार्य भाष्यात दोहोंची फोड करतात: उदासीन तो, जो कोणाचाच पक्ष घेत नाही, मध्यस्थ तो, जो भांडणाऱ्या दोघांचंही हित चिंतितो. दोघांचंही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खोलीभर फिरलो होतो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक यावर दर वेळी संस्कृत कोश उघडतात. मध्यस्थ म्हणजे उदासीन असाही अर्थ तिथे आहे. आहे ना, मी कुठे नाकारतो? पण मग एकाच ओळीत दोन शब्द कशाला? "छंदाची भर," म्हणे. आचार्यांना जे वेगळं दिसलं ते यांना भरताड वाटतं. वाटू दे. (मीडिएशनच्या पोटातला लॅटिन 'मेडियुस' आणि आपला 'मध्य' हे एकाच घरचे भाऊ आहेत, हेही त्यांना मीच सांगितलं. आभार मानले नाहीत.)

ओघाने: 'मध्यस्थाने निकाल दिला' असंही ऐकू येतं. देत नाही. निवाडा देतो तो लवाद, आणि लवादाचा निवाडा पक्षांना बांधून टाकतो. मध्यस्थ दोघांना बोलतं करतो. मान्य करायचं की उठून जायचं, ते त्यांच्या हातात. आणि 'मध्यस्ती' लिहिणाऱ्यांनी 'स्था' धातूची क्षमा मागावी.

पण काठाचा विषय निघालाच आहे तर तडजोडीकडे पुन्हा वळू, कारण मघाशी मी तिच्यावर थोडा अन्याय केला. वट–वड, घट–घडा, कटु–कडू; तसंच तट–तड. तडीस नेणे, तड लावणे, तडीपार, या सगळ्यांत तोच काठ आहे. शिवाय दोन गट झाले की आपण 'तट पडले' म्हणतो. म्हणून माझं मत असं की तडजोड म्हणजे दोन तट जोडणं. यात कुणी अर्धं सोडायचं, मान खाली घालायची, असं काही नाही. ते लाचारपण वापराने चिकटलं. माझी व्युत्पत्ती मानली तर फॉलेटबाईंची शेजारची खिडकीसुद्धा अस्सल तडजोडच ठरते! कोणी म्हणेल, तडजोड 'तडा' वरून आली, तडा सांधणं म्हणून. पटत नाही. तडा बुजवतात किंवा सांधतात. तडा कोणी जोडलेला मी तरी ऐकला नाही.

हां, माहितीपत्रक. 'वाटाघाटी, मध्यस्थी आणि संघर्ष-निराकरण' असं छापायला सांगा. तडजोडीचा खरा अर्थ लोकांच्या कानी रुळेपर्यंत तो शब्द तिथे नको.