बोटाच्या हाडाचे तुकडे झालेत, डॉक्टर वायर टाकायची म्हणतात, नुसतं प्लास्टर नाही का चालणार?
माझ्या भावाचं घोडबंदर रोडला बाईक घसरून हेच झालं होतं म्हणून सांगतो. तुकडे जागेवर असतील तर प्लास्टर पुरतं, पण मूठ वळताना एक बोट दुसऱ्यावर चढत असेल तर हाड फिरलंय, ते तसंच जुळलं तर पकड बिघडते, तिथे ऑपरेशन टाळू नका. वायर साधारण 3 ते 6 आठवड्यांनी काढतात, प्लेट बसवली तर ती बहुतेकदा आतच ठेवतात. खरा त्रास नंतर, बोटं आखडतात!! सर्जन हो म्हणाले की लगेच फिजिओ सुरू करा, भावाने दुखतं म्हणून पंधरा दिवस टाळलं आणि मूठ पूर्ण वळायला चार महिने गेले. आणि हो, बोटात अंगठी असेल तर सूज वाढायच्या आत काढा. हाड जखमेतून दिसत असेल तर मात्र उद्यावर नको, आत्ताच जा.